भट्टीत घडणारा पाषाण

प्रस्तावना

उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरात जावर नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती जवळून पाहिल्या तर त्यांत मातीच्या वांग्याच्या आकाराच्या पोकळ नळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात. या नळ्या म्हणजे मध्ययुगीन जस्तकारांच्या मुशी. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजातून सुटते ते वाफ होऊनच. उघड्या भट्टीत ती वाफ हवेत जळते आणि हाती पांढरी भुकटी उरते. जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. मुशीत खनिजाच्या गोळ्या भरायच्या, तोंडात एक काडी खोचायची आणि मूस भट्टीत उलटी बसवायची. काडीच्या आधाराने गोळ्या खाली पडत नसत. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला खाली उतरायला वाट तयार होई. खालच्या गार भांड्यात जस्त थेंबाथेंबाने साचे. एका भट्टीत अशा ३६ मुशी लागत, आणि एकदा वापरलेली मूस पुन्हा कामाला येत नसे. १९८०च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून तिथे उत्खनन केले, तेव्हा मुशी जागच्या जागी असलेल्या भट्ट्या सापडल्या. गावाभोवती तर निकामी मुशींचे ढीगच्या ढीग होते.

त्याच ढिगांतून गावाने भिंती बांधल्या. हजारभर अंशांहून अधिक उष्णतेत तासन् तास राहिल्याने मुशीची माती अंशतः वितळून काचेसारखी बांधली गेली होती. ऊनपावसाची तिला फिकीर नव्हती. धातूच्या धंद्यातला कचरा उष्णतेने दगडासारखा टिकाऊ करायचा, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय, आणि त्याचा एक नकळत घडलेला नमुना आपल्याच देशात शतकानुशतके भिंतीत उभा आहे.

जावरपासून फार दूर नसलेल्या देबारी येथे १९६८ साली आधुनिक जस्त कारखाना सुरू झाला. आजचे जस्त बहुतांशी आम्लात विरघळवून आणि विजेने कॅथोडवर जमवून काढतात. खनिजात जस्ताबरोबर लोखंड असतेच. भाजताना त्या दोघांचे झिंक फेराइट होते आणि ते सहजासहजी विरघळत नाही. विरघळवायचे तर तापलेले, तीव्र आम्ल लागते आणि मग जस्ताबरोबर लोखंडही द्रावात उतरते. ते द्रावातून बाहेर कसे काढायचे, हा जगभरच्या जस्त उद्योगाचा मोठा पेच होता. १९६०च्या दशकात नॉर्वे, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांत जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, उत्तर सापडले. द्रावात सोडियम, पोटॅशियम किंवा अमोनियम घालून लोखंड जॅरोसाइट या पिवळ्या सल्फेटच्या रूपात साक्याला बसवायचे. गाळायला सोपे आणि स्वस्त असल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली.

जस्त मिळाले आणि मागे पिवळा चिखल उरला. एक टन जस्तामागे साधारण अर्धा टन किंवा त्याहून जास्त जॅरोसाइट निघते. त्यात शिसे, कॅडमियम आणि न निघालेले जस्त असते, म्हणून तो घातक कचरा ठरतो. टास्मानियात होबार्टच्या कारखान्याने तो १९९७ पर्यंत समुद्रात नेऊन टाकला. नॉर्वेतल्या ओड्डा येथे तो आधी थेट फ्योर्डमध्ये जात असे. पुढे डोंगर पोखरून गुहा खोदल्या आणि त्यांत तो भरायला सुरुवात झाली. आपल्याकडे तो अस्तर घातलेल्या तळ्यांत साठवला गेला. अलीकडे त्यात चुना आणि सिमेंट मिसळून ‘जॅरोफिक्स’ करतात आणि रस्त्यांच्या भरावात वापरण्याचे प्रयत्न चालतात. प्रयत्न चांगला आहे. पण चुन्यासिमेंटने बांधलेला धातू हा आल्कलीच्या पहाऱ्यावर विसंबून असतो. आम्लाचे पाणी त्यात वर्षानुवर्षे मुरत राहिले तर तो पहारा सैल होतो. धातूचा अणू स्फटिकाच्या जाळ्यातच बसवून टाकता आला तर बंदोबस्त अधिक पक्का होईल, या विचारातून संशोधक काच-सिरॅमिककडे वळले.

काच-सिरॅमिक म्हणजे आधी काच म्हणून वितळवलेला, ओतलेला आणि नंतर ठरावीक उष्णता देऊन आतल्या आत स्फटिक वाढवलेला पदार्थ. काचेत अणू विस्कळीत असतात, स्फटिकात ते रांगेत असतात. काचेला स्फटिक धरू लागला तर काचकारखान्यातला माणूस घाबरतो, कारण ती काच गढूळ होते आणि तडकते. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी अठराव्या शतकातच काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समच्या मिश्रणात पुरून दिवसच्या दिवस तापवल्या होत्या. १७३९ साली त्यांनी हे प्रयोग मांडले. बाटल्या पोर्सेलीनसारख्या पांढऱ्या झाल्या, पण स्फटिक पृष्ठभागाकडून आत वाढत गेल्याने त्या ठिसूळ राहिल्या. यश मिळाले ते दोनशे वर्षांनी, १९५३ साली, अमेरिकेत कॉर्निंग काच कंपनीच्या प्रयोगशाळेत. डोनाल्ड स्टुकी यांची भट्टी ६०० अंशांवर थांबायची ती ९०० पर्यंत चढली. आत वितळलेल्या काचेचे थारोळे झाले असेल असे समजून त्यांनी दार उघडले, तर काचेची प्लेट शाबूत होती, फक्त दुधासारखी पांढरी झाली होती. बाहेर काढताना ती निसटून जमिनीवर पडली आणि फुटली नाही. त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. त्या प्रत्येक कणाने स्फटिकाला बूड धरायला जागा दिली होती, आणि म्हणून स्फटिक पृष्ठभागापुरते न राहता सगळ्या अंगभर, बारीक आणि दाट वाढले होते. पाकात दोरा सोडल्यावर त्याच्याभोवती खडीसाखर धरते, तशी ही क्रिया असते.

आता चांदी महाग. टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडे पुढे या कामाला आली, तीही स्वस्त नव्हेत. धातुकचऱ्याचा प्रश्न आणि काच-सिरॅमिकचे शास्त्र एकमेकांना भेटतात ते इथे. लोखंड, क्रोमियम, गंधक ही कचऱ्यातली जी द्रव्ये काचकाराला नकोशी वाटतात, तीच स्फटिकाची उत्तम बीजे ठरतात. जॅरोसाइट भाजून, वाळू, चुनखडी आणि भंगार काच मिसळून वितळवले तर काळी काच मिळते. ती पुन्हा साडेसहाशे ते साडेसातशे अंशांच्या आसपास धरून ठेवली की लोखंडाचे ऑक्साइड मॅग्नेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात वेगळे होते. उष्णता आणखी चढवली की त्या कणांभोवती पायरॉक्सीन नावाच्या सिलिकेटचे स्फटिक वाढतात. क्रोमियम असेल तर काम आणखी सोपे होते. काचेत ते फार कमी विरघळते, त्यामुळे टक्काभर असले तरी स्पिनेल नावाच्या खनिजाचे कण तयार होऊन बीजाची भूमिका बजावतात. ज्या घटकांमुळे तो कचरा घातक ठरतो, त्यांतले काही याप्रमाणे कारागिराचे साहाय्यक होतात. मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. कचऱ्यात बाहेरून काहीतरी घालून त्याला गप्प बसवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत; इथे कचरा स्वतःच्या अंगच्या गुणाने घट्ट होतो.

मॅग्नेटाइट आणि पायरॉक्सीन ही नावे महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी वाटतील, पण तो त्यांच्यावरच उभा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, मुख्यतः पायरॉक्सीन आणि फेल्स्पार यांचा बनलेला असतो आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण विखुरलेले असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा सावकाश थंड होताना जे झाले, तेच प्रयोगशाळेत काही तासांत घडवायचे असते. घारापुरीची आणि वेरूळची लेणी ज्या दगडात कोरली, त्याच्याशी रचनेने नाते सांगणारा पदार्थ कारखान्याच्या कचऱ्यातून मिळतो. युरोपात बेसाल्ट वितळवून त्याच्या फरश्या आणि नळ्या ओतण्याचा धंदा शतकभर जुना आहे. आपल्या औष्णिक वीज केंद्रांत राखेचे पाणी वाहून नेणाऱ्या नळांना अशाच ओतीव बेसाल्टचे अस्तर घालतात, कारण राखेच्या घासण्याने नुसते पोलाद लवकर झिजते.

कचऱ्यापासून काच-सिरॅमिक करणे कारखान्याच्या पातळीवर पहिल्यांदा साधले ते सोव्हिएत संघाला. मॉस्कोच्या मेंडेलीव्ह रसायन-तंत्र संस्थेतले इसाक किताइगोरोद्स्की यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस झोतभट्टीच्या स्लॅगपासून, म्हणजे लोखंड काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून, काच-सिरॅमिक तयार केले. त्याला ‘श्लाकोसिताल’ म्हणत. त्यांनी बीज म्हणून स्लॅगमधले गंधकच वापरले. लोखंड आणि मँगनीजची सल्फाइडे झाली की फरशी काळसर होई. झिंक ऑक्साइड घातले की झिंक सल्फाइड होऊन ती पांढरी निघे. युक्रेनमधल्या कोन्स्तान्तिनिव्का येथे, म्हणजे आज युद्धाच्या बातम्यांत ज्याचे नाव येते त्या शहरात, १९६०च्या दशकात तिचे सलग पट्टे लाटून काढले जात. कारखान्यांच्या जमिनी, रासायनिक टाक्यांची अस्तरे, इमारतींचे दर्शनी भाग अशा ठिकाणी ती बसली. ब्रिटनमध्ये पोलाद संशोधन संघटनेने याच सुमारास ‘स्लॅगसेरॅम’ केले. नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ‘सिलसेरॅम’ झाले, त्यात लोखंड आणि क्रोमियम ही बीजे जोडीने वापरली. इटलीत सार्डिनियाच्या पोर्तो व्हेस्मे येथील जस्त कारखान्याचा गोएथाइट हा लोखंडयुक्त कचरा, ग्रॅनाइट खाणीतला चुरा आणि भंगार काच यांच्या मिश्रणावर लाक्विला विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकापासून अतिशय चिकाटीने काम केले. काचेत लोखंडाच्या दोन अवस्थांचे परस्पर प्रमाण बदलले की स्फटिक कसे बदलतात, हे आज आपल्याला बरेचसे त्यांच्यामुळे माहीत आहे.

जॅरोसाइटचा घाणा मुशीत चढवला की काय होते, हे थोडे जवळून सांगतो, कारण कागदावरच्या आकृतीत ते दिसत नाही. आधी पाणी जाते. मग सल्फेट फुटते आणि गंधकाचा झोंबणारा वायू सुटतो. तो आम्ल कारखान्याकडे वळवलाच पाहिजे, धुराड्यातून सोडून चालत नाही. ही पायरी घाईने उरकली तर वितळताना घाणा फुगतो आणि मुशीच्या काठावरून उतू जातो. पुढे १४०० अंशांच्या आसपास लोखंडाने भरलेला रस पाण्यासारखा पातळ होतो आणि भट्टीच्या विटा चाटू लागतो. साध्या विटा तो खाऊन टाकतो. त्याच वेळी शिसे आणि कॅडमियम यांचा काही भाग वाफ होऊन धुराबरोबर निघतो. पिशवी-गाळणीत ती धूळ पकडावी लागते, आणि ती पकडलेली धूळ मूळ कचऱ्याहून जास्त विषारी असते. सुदैवाने तिच्यात धातूचे प्रमाण इतके असते की ती परत धातुकारखान्याला विकता येते. रस ओतून गार केला की चकचकीत काळी काच मिळते. उष्णतेचे दोन टप्पे दिल्यावर तिची चमक जाते, रंग तपकिरी-काळा होतो आणि तोडल्यावर भेग बारीक दाणेदार दिसते. पॉलिश केलेला तुकडा ग्रॅनाइटशेजारी ठेवला तर फरक सहज कळत नाही. वाकवून तोडायला मात्र ग्रॅनाइटच्या कित्येक पट जोर लागतो.

यानंतरची परीक्षा खरी. तुकडा ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक फोडायचा, त्याच्या वजनाच्या वीसपट सौम्य अॅसेटिक आम्लात टाकायचा आणि १८ तास बाटली गोल फिरवत ठेवायची. मग गाळलेल्या पाण्यात धातू किती उतरला ते मोजायचे. शिसे किंवा क्रोमियम दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर आणि कॅडमियम १ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तो पदार्थ घातकच. चांगले घडवलेले काच-सिरॅमिक या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. पण इथे एक बारकी गोष्ट आहे आणि विक्रीच्या पत्रकांत ती कधीच छापली जात नाही. क्रोमियम आणि जस्त स्पिनेलच्या आणि पायरॉक्सीनच्या जाळ्यात आनंदाने बसतात. शिशाचा अणू मोठा, तो तिथे मावत नाही. स्फटिक वाढत जातात तसे शिसे उरलेल्या काचेत एकवटत जाते, आणि ती काच सिलिकात गरीब झाली तर पाण्याला लवकर वश होते. जास्त स्फटिक म्हणजे जास्त सुरक्षित, हे समीकरण म्हणून सरसकट खरे नाही. मूळ काच कधी कधी तिच्यापासून केलेल्या काच-सिरॅमिकपेक्षा शिसे अधिक घट्ट धरून ठेवते. कुठला धातू कुठे जाऊन बसला हे प्रत्येक मिश्रणासाठी वेगळे तपासल्याशिवाय पर्याय नाही. क्रोमियमचेही तसेच. भट्टीत हवा आणि चुना जास्त झाला तर निरुपद्रवी क्रोमियमचे सहा-संयुजी, कर्करोगकारक रूप होऊ शकते, आणि मग करायला गेलो एक आणि झाले भलतेच अशी गत होते. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना १९९५ च्या सुमारास बंद पडला. त्याने मागे ठेवलेला प्रचंड ढीग पुढे कितीतरी वर्षे भूजलाला पिवळा रंग देत राहिला. अशा ढिगावर भट्टीचा इलाज करू म्हणणाऱ्याने आधी भट्टीतल्या ऑक्सिजनवर हुकमत दाखवली पाहिजे.

खर्चाबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. एक टन साधी काच वितळवायला तत्त्वतः सुमारे २.७ गिगाज्यूल ऊर्जा पुरते, पण खऱ्या भट्टीत त्याच्या दुपटीपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त लागते. जपानने शहरी कचऱ्याची राख वितळवण्यासाठी १९९०च्या दशकापासून मोठ्या संख्येने भट्ट्या उभारल्या, कारण तिथे कचरा पुरायला जमीन नव्हती आणि डायॉक्सिनची धास्ती होती. वीज आणि इंधनाचे बिल न परवडून पुढे त्यांतल्या कितीतरी बंद कराव्या लागल्या. तंत्र उत्तम होते, हिशेब जमला नाही.

म्हणून कोणता कचरा या भट्टीत घालायचा हे ठरवण्यात खरे शहाणपण आहे. झोतभट्टीचा स्लॅग पाण्याच्या फवाऱ्याने दाणेदार केला की तो सिमेंटला हवाच असतो. तो उचलून त्याच्या फरश्या करण्यात आज आपल्याकडे अर्थ नाही. पोलादाच्या स्लॅगला रस्त्यांत जागा मिळू लागली आहे. सुरतजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये त्याचा सहापदरी रस्ता झाला. काच-सिरॅमिकचा मान अशा कचऱ्याला द्यावा ज्याला सिमेंटवाला हात लावत नाही आणि रस्तेवाला घाबरतो. जॅरोसाइट त्यांतले एक. विद्युत-मुलामा कारखान्यांचा गाळ दुसरा. भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या लहान प्लेटिंग शॉपांतून क्रोमियम, निकेल, जस्त मिसळलेला हिरवट-तपकिरी गाळ निघतो आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या सुरक्षित भरावांत कायमचा पुरला जातो. त्यातले निकेल आणि तांबे आधी काढून घ्यावे, हा माझा आग्रह आहे. एक तर ते मौल्यवान, आणि दुसरे असे की भट्टीत त्यांचा धातू होऊन तळाशी बसतो आणि अस्तर पोखरतो. या गाळाची मोठी अडचण म्हणजे तो रोज वेगळा असतो. आज हार्ड क्रोमचे काम, उद्या झिंक पॅसिव्हेशनचे. काचेचे गणित मांडणाऱ्याला यापेक्षा मोठी डोकेदुखी नाही.

जालन्याचे चित्र त्या मानाने आशादायक आहे. तिथे भंगार लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवून सळया करणारे कारखाने दाटीने आहेत. या भट्ट्यांना आतून सिलिकाचे अस्तर, म्हणजे रॅमिंग मास, ठोकून बसवलेले असते. ते झिजून स्लॅगमध्ये उतरते, त्यामुळे तिथल्या स्लॅगमध्ये सिलिका भरपूर असते आणि सोबत लोखंडाचे व मँगनीजचे ऑक्साइड. काच-सिरॅमिकला नेमके हेच हवे असते. चुना आणि थोडी भंगार काच घातली की मिश्रण जवळपास तयार. शिवाय कारखाने शेजारी शेजारी असल्याने स्लॅग लांबून आणायचा खर्च नाही. आजवर तो मुख्यतः भरावात जात आला आहे. कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आणि भोपाळची अॅम्प्री या सरकारी संस्थांनी औद्योगिक कचऱ्यावर बरेच काम केलेले आहे. त्यांचे ज्ञान जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत उतरायला मधला एक दुवा हवा आहे. तो म्हणजे एखादी सामायिक, दिवसाला काही टन क्षमतेची चाचणी-भट्टी. एकट्यादुकट्या कारखानदाराच्या ऐपतीबाहेरचे हे काम आहे आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या नवव्या नियमाने कचऱ्याच्या पुनर्वापराला वाट करून दिली आहे. त्या वाटेने जाताना दर खेपेचे विश्लेषण मात्र चोख ठेवावे लागते.

पुढील प्रकरणांत मिश्रणांची गणिते, उष्णतेची वेळापत्रके आणि सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे आहेत. ज्यांना रसायनाची सवय नाही त्यांनी आधी बीजांवरचे आणि पाझर-चाचणीवरचे प्रकरण वाचावे, गणिते नंतर. विद्यार्थ्यांना मी सुचवेन की आपल्या जिल्ह्यातल्या एका तरी औद्योगिक वसाहतीच्या कचऱ्याचे वर्षभर, दर महिन्याला नमुने घेऊन घटक तपासावेत. सिलिका किती, चुना किती, लोखंड कोणत्या अवस्थेत, शिसे आणि कॅडमियम किती, आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात त्यात किती फरक पडतो. अशी वर्षभराची नोंद हाताशी आली तर भट्टीचा आराखडा आखणाऱ्याला पहिल्यांदाच अंदाजावर न विसंबता काम सुरू करता येईल.